फारसी घेऊन मॅट्रिक झालेला मुलगा : बाबासाहेबांचं शाळेतलं शेवटचं वर्ष

गेली काही वर्षं दहावीची परीक्षा आणि रमजान साधारण एकाच वेळी येतायत. पनवेलमध्ये मोहल्ल्यातल्या घरांत, तळोज्याच्या वस्तीत, नव्या इमारतींच्या वन रूम किचनमध्ये अशा वेळी एकच चित्र दिसतं. सहरीसाठी अम्मी उठते, भांड्यांचा आवाज होतो, आणि दहावीतल्या पोराला किंवा पोरीला तेव्हाच उठवलं जातं. फजरनंतर झोपू नको, तेवढा भूमितीचा धडा करून घे, असं सांगितलं जातं. बाकीचे परत आडवे होतात. एका कोपऱ्यात दिवा चालू राहतो आणि लहान भावंडं उजेड डोळ्यांवर येतो म्हणून कुरकुरतात.

मग निकाल लागतो. ज्याला नव्वदच्या वर मिळाले त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो, मोहल्ल्यात सत्कार होतो, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण ज्याला चाळीस-पन्नास टक्के मिळाले तो पोरगा दोन दिवस घराबाहेर पडत नाही. नातेवाईक विचारतील म्हणून अम्मी फोन उचलत नाही. आणि पुष्कळदा त्याच आठवड्यात घरात ठरून जातं, की याच्या नशिबात शिक्षण नाही, याला गॅरेजवर नाहीतर दुकानावर लावा.

म्हणून यंदा आम्ही वाचकांना एका मॅट्रिकच्या मुलाची हकीकत सांगायचं ठरवलं. त्याला 750 पैकी 282 गुण मिळाले होते. हिशेब केला तर साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. या मुलाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांचं पुढचं आयुष्य सगळ्यांना ठाऊक आहे. संविधान, चवदार तळं, अमेरिका आणि लंडनच्या पदव्या, हे शाळेच्या पुस्तकातही आहे. पण शाळेच्या शेवटच्या वर्षात हा मुलगा कुठे झोपायचा, कधी उठायचा, पुस्तकं कुठून आणायचा, वर्गात त्याच्याशी कोण कसं वागायचं, हे घराघरांत फारसं बोललं जात नाही. आम्हाला वाटतं, दहावीच्या मुलांना आणि त्यांच्या अम्मी-अब्बांना हाच भाग आधी कळायला हवा. त्या वर्षापुरतं आम्ही त्यांना घरातल्या मुलासारखं भीमरावच म्हणू.

कोकणातलं घर, फौजी बाप

आंबेडकरांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. पनवेलहून गोवा महामार्गाने पेण, माणगाव, महाड असं जाणाऱ्या आपल्या कोकणी कुटुंबांना हा मुलूख अनोळखी नाही. ज्यांचे आजोळ मंडणगडला नाहीतर दापोलीला आहे अशी कितीतरी घरं इथं आहेत. भीमरावाचे वडील रामजी सकपाळ ब्रिटिश फौजेत होते. फौजेच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पलटणीचा मुक्काम महू इथं असताना, 14 एप्रिल 1891 रोजी भीमरावाचा जन्म झाला. चौदा भावंडांत तो शेवटचा, आणि त्यातली पाचच जगली.

निवृत्तीनंतर घर आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. भीमराव पाचेक वर्षांचा असताना आई भीमाबाई वारल्या. पुढे आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळलं. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. तहान लागली तर नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. जात महार, आणि महाराच्या स्पर्शाने पाणी बाटतं असं मानणाऱ्यांचा तो काळ.

एकदा ही भावंडं वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली तेव्हा अंगावर चांगले कपडे होते. स्टेशनमास्तरने प्रेमाने विचारपूस केली, पण जात कळल्यावर त्याचा चेहराच बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकत मुलं निघाली. जवळ खायला होतं, पण रात्रभर प्यायला कुणी पाणी दिलं नाही. पुढे मोठेपणी बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला.

साताऱ्यातलीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वडिलांवर आपला भार नको, मुंबईच्या गिरणीत कामाला लागावं, असं या पोराने मनात घेतलं होतं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कनवटीची पिशवी चोरायचा बेत केला. काही रात्री प्रयत्न केल्यावर पिशवी हाती लागली, तर आत फक्त अर्धा आणा. त्याला स्वतःची लाज वाटली. चोरी आणि पळून जाणं सोडून अभ्यास करायचा, लवकर आपल्या पायावर उभं राहायचं, असा निश्चय त्याने तिथं केला. दहावीच्या वयाच्या आसपास कितीतरी पोरांच्या मनात असाच विचार येतो, की शाळा सोडतो आणि कमवायला लागतो. त्या पोरांना हा अर्धा आणा आम्ही मुद्दाम आठवून देतोय.

परळची एक खोली

1904 च्या सुमारास रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले. लोअर परळला डबक चाळीत एक खोली मिळाली. गिरणी कामगारांची वस्ती ती. भीमराव आधी मराठा हायस्कूलमध्ये गेला आणि नंतर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये. ही सरकारी शाळा, शहरातल्या नावाजलेल्या शाळांपैकी एक.

खोली एकच. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणं, त्यातच पाहुणे. सरपण आणि सामान तिथंच रचलेलं, चुलीचा धूर तिथंच कोंडलेला, आणि घरात एक बकरीही बांधलेली. एवढ्या माणसांत मुलाने अभ्यास कुठं करायचा?

रामजींनी यावर एक तोडगा काढला होता. संध्याकाळी जेवण झालं की ते मुलाला लवकर झोपवायचे आणि स्वतः जागे राहायचे. रात्री दोन वाजता त्याला उठवायचे आणि मग त्याच जागेवर स्वतः झोपायचे. दोघांना एका वेळी झोपायला जागाच नव्हती. मुलगा रॉकेलच्या चिमणीच्या हलत्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसायचा. उशाशी जातं, पायाशी बकरी. थोडं वाचून झालं की परत जरा डोळा लागायचा, मग आंघोळ, आणि मग शाळा.

आम्ही जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा आपल्या घरातली सहरीची वेळ आठवते. फरक इतकाच की आपल्याकडे ही पहाट वर्षातून एक महिना असते. रामजींनी ती वर्षानुवर्षं केली. साठीकडे झुकलेला माणूस, फौजेतून निवृत्त, रोज रात्री दोनपर्यंत जागा. त्यांनी मुलाला अभ्यास कर असं नुसतं तोंडाने सांगितलं नाही, आपली झोप दिली.

अभ्यासातही त्यांचा हात होता. इंग्रजीसाठी हॉवर्डची पुस्तकं, भाषांतरासाठी तर्खडकरांची पाठमाला, हे ते स्वतः करून घ्यायचे. घर कबीरपंथी. दारू नाही, मांस नाही, सकाळ-संध्याकाळ भजन आणि पाठ चुकायचा नाही. घरात शिस्त कडक. मूल रोज त्या वेळी हजर असलंच पाहिजे हा नियम.

पुस्तकांचे पैसे

रामजींची पेन्शन महिना पन्नास रुपये. त्यात मुंबईतलं घर, आणि दोन मुलांची शाळा. दोघांचा खर्च झेपेना, तेव्हा मोठा भाऊ आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागला. एकाने थांबायचं आणि एकाने शिकायचं, असं ठरलं. हे आपल्या घरांना समजावून सांगायची गरज नाही. मोठा भाऊ गल्फला गेला म्हणून धाकटा इंजिनिअर झाला, थोरली बहीण शिवणकाम करत राहिली म्हणून धाकटी नर्स झाली, अशी घरं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. आनंदरावांचं नाव सत्कारात कुणी घेतलं नाही, पण त्यांच्याशिवाय तो सत्कार झाला नसता.

भीमरावाला शाळेच्या पुस्तकांपेक्षा बाहेरच्या पुस्तकांची जास्त भूक. अब्बांना वाटावं की पोराने आधी अभ्यासक्रमाचं वाचावं, पोराला मात्र दुसरंच काही हवं, तसंच होतं ते. रामजींना ते फारसं पसंत नव्हतं, तरी त्यांनी पुस्तक कधी नाकारलं नाही. त्यांच्या दोन लग्न झालेल्या मुली मुंबईतच राहायच्या. रामजी एकीकडे जाऊन उसने पैसे मागायचे. तिच्याकडे नसले तर दुसरीकडे. तिच्याकडेही नसले तर ती अंगावरचा एखादा दागिना काढून द्यायची. तो दागिना मारवाड्याकडे गहाण पडायचा, पुस्तक घरी यायचं, आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून मुलीला परत जायचा. दर वेळी तेच. मंजुळा आणि तुळसा ही त्या बहिणींची नावं. या दोघींनी स्वतः शाळेचं तोंड फारसं पाहिलेलं नसावं, पण भावाच्या पुस्तकासाठी बांगडी काढताना त्यांनी कुरकुर केल्याचं कुठं नोंदलेलं नाही.

शाळेत काय व्हायचं

एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी होतं, मुंबईत होतं, तरी जात शाळेच्या फाटकाबाहेर राहिली नव्हती. एकदा शिक्षकांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं. वर्गात एकदम गडबड उडाली. मुलांचे जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले असायचे. हा मुलगा फळ्यापाशी गेला तर डबे बाटतील, म्हणून पोरं धावत सुटली आणि आपापले डबे बाजूला ओढू लागली. डबे हलवून झाल्यावर भीमराव फळ्यापाशी गेला.

पंधरा-सोळा वर्षांचं वय. आजूबाजूला आपल्याच वयाची पोरं. या वयात चेहऱ्यावरच्या पुटकुळीचीही लाज वाटते. त्या वयात सगळ्या वर्गादेखत हे सहन करून, हातात खडू घेऊन गणित सोडवायचं, याला काय लागतं ते मुलांनी स्वतःच विचार करून पाहावं. एक शिक्षक तर त्याला सारखे टोचायचे, की तुझ्यासारख्याला शिकून करायचं काय. एक दिवस त्याचा तोल सुटला आणि त्याने त्यांना तोंडावर सुनावलं. शाळा मात्र सोडली नाही.

आता त्या गोष्टीकडे येऊ, जिच्यामुळे ही हकीकत आपल्या वाचकांना जास्त जवळची वाटेल. शाळेत दुसरी भाषा निवडायची वेळ आली. वडिलांची आणि त्याची स्वतःची इच्छा संस्कृत घ्यायची होती. पण संस्कृतच्या शिक्षकांनी अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला नकार दिला. आनंदरावांच्या बाबतीतही तेच झालं होतं. मग राहिली फारसी. भीमरावाने नाइलाजाने फारसी घेतली.

म्हणजे ज्या मुलाला देवभाषेचं दार बंद झालं, त्याच्यासाठी सादी आणि हाफिजच्या भाषेच्या वर्गात एक बाक मोकळा होता. तिथं त्याची जात कुणी आड आणली नाही. या फारसीने त्याची साथ पुढेही सोडली नाही. कॉलेजातही त्याने ती ठेवली आणि बी. ए. ची पदवी इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊनच मिळवली.

यावर आपण फुशारकी मारावी असं मात्र आम्हाला वाटत नाही. बाबासाहेबांना संस्कृत नाकारलं गेल्याची खंत आयुष्यभर राहिली आणि पुढे स्वतःच्या मेहनतीने त्यांनी ती भाषा वाचण्याइतकी मिळवली. ज्ञानाचं कुठलंही दार कुणाच्याही मुलासाठी बंद असू नये, हा त्यातला धडा. मग ते दार शाळेचं असो, मदरशाचं असो, क्लासचं असो की लायब्ररीचं. आपल्या मोहल्ल्यात एखादं मूल त्याच्या बिरादरीमुळे किंवा बापाच्या धंद्यामुळे मागच्या रांगेत बसवलं जात असेल, तर तो फळ्यामागच्या डब्यांचाच प्रकार आहे.

चर्नी रोडची बाग

घरात जागा नाही, शाळेत मन रमत नाही. मग भीमरावाने वाचायला एक जागा शोधली. चर्नी रोडच्या बागेत जाऊन तो बसायचा. शाळा सुटली की तिथं एखादं पुस्तक उघडायचं आणि अंधार पडेपर्यंत वाचायचं. पोरं खेळायची, लोक हवा खायला यायचे, हा मान वर करायचा नाही.

त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक गृहस्थ रोज येऊन बसायचे. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक, आणि मराठीतले नावाजलेले लेखक. शिवाजी महाराजांचं आणि गौतम बुद्धाचं चरित्र त्यांनी लिहिलेलं. हा मुलगा त्यांना रोज दिसायचा, रोज वाचताना. शिक्षकाची नजर ती. एक दिवस ते जवळ गेले आणि त्यांनी विचारपूस केली, कोण, कुठला, काय वाचतोस. मुलाने आपली जात लपवली नाही.

केळुसकर उठून गेले नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून त्याला काय वाचावं, कसं वाचावं हे सांगायला सुरुवात केली. आपल्याकडची पुस्तकं दिली. ना नात्याचे, ना जातीचे, ना त्याच्या शाळेचे. फी घेतली नाही, उपकार बोलून दाखवले नाहीत. बागेतल्या बाकावर एका पोराला वाचताना पाहिलं आणि त्याची चौकशी केली, एवढंच त्यांनी केलं. पुढे काय झालं ते पाहा.

मॅट्रिक आणि सत्कार

1907 साली भीमराव मॅट्रिकच्या परीक्षेला बसला आणि पास झाला. गुण 750 पैकी 282. आजच्या दहावीशी त्याची बरोबरी करता येणार नाही हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हाची मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाची परीक्षा होती, उत्तरं इंग्रजीत लिहायची होती, आणि मॅट्रिक झालेला माणूस म्हणजे गावात शिकलेला माणूस समजला जायचा. तरीही ते गुण काही पहिल्या नंबराचे नव्हते. एल्फिन्स्टनमध्ये त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळवणारी मुलं नक्कीच असतील. त्यांच्या खोलीत चिमणीऐवजी दिवे असतील, आणि त्यांचे डबे फळ्यामागे ठेवलेले असतील.

पण परळच्या चाळीत त्या दिवशी हा आकडा कुणी मोजला नाही. महार समाजातला एक मुलगा मॅट्रिक झाला हीच केवढी मोठी गोष्ट. वस्तीतल्या लोकांनी सत्काराची सभा भरवली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, समाजसुधारक आणि कामगारांचे पुढारी. केळुसकरही आले होते. त्यांनी आपलं गौतम बुद्धाचं चरित्र मुलाला भेट दिलं. एका शिक्षकाने एका मॅट्रिकच्या मुलाला दिलेलं ते पुस्तक. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, ऑक्टोबर 1956 मध्ये, नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला. पुस्तक देताना केळुसकरांच्या मनात असं काही असेल असं म्हणता येत नाही. पण या वयात मुलाच्या हातात काय पडतं याला किंमत असते, हे त्यातून दिसतं.

त्याच सुमारास, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे, भीमरावाचं लग्नही झालं. मुलगी दापोलीजवळच्या वणंद गावची, नाव रमाबाई, वय नऊ-दहा वर्षांचं. लग्नाला हॉल नव्हता. भायखळ्याच्या बाजारात, रात्री दुकानं बंद झाल्यावर, एका बाजूला नवऱ्याकडचे आणि दुसऱ्या बाजूला नवरीकडचे बसले. बाजारातले कट्टे हीच बैठक. पहाटे कोळणी माशांच्या पाट्या घेऊन यायच्या आत सगळं आटोपलं. आज अशा वयात लग्न हा गुन्हा आहे आणि तसाच तो असायला हवा. पण लग्नावर कर्ज काढून मुलांच्या शिक्षणाचे पैसे संपवणाऱ्या घरांनी तो बाजार लक्षात ठेवावा. ज्या बापाने पुस्तकासाठी मुलींचे दागिने गहाण टाकले, त्याने लग्न मात्र मासळी बाजारात उरकलं.

पुढची वाट

मॅट्रिकनंतर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. इंटरची परीक्षा झाली आणि पैसे संपले. इथं पुन्हा केळुसकर उभे राहिले. ते त्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती लावून दिली. 1912 च्या अखेरीस बी. ए. ची परीक्षा झाली. 1913 च्या फेब्रुवारीत रामजी वारले. मुलगा पदवीधर झाला एवढं त्यांनी पाहिलं. पुढचं पाहायला ते राहिले नाहीत.

त्याच वर्षी भीमराव बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, डॉक्टरेट, बॅरिस्टरी. आता ते डॉक्टर आंबेडकर झाले होते.

त्या सत्काराच्या सभेचे अध्यक्ष बोले आठवा. 1923 साली याच बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला, की सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या व्हाव्यात. महाडच्या नगरपालिकेने तो ठराव मान्य केला, पण प्रत्यक्षात चवदार तळ्यावर कुणी पाणी घेऊ देईना. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. साताऱ्याच्या शाळेत शिपायाची वाट पाहणारा, मसूरच्या वाटेवर रात्रभर तहानलेला मुलगा तो हाच.

त्या दिवशी महाडमध्ये परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. माणसं जखमी झाली, सैरावैरा पळाली. त्यातल्या कितीतरी जणांना महाडच्या मुसलमानांनी आपल्या घरांत आसरा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद घ्यायची ठरली तेव्हा मांडवासाठी गावात कुणी जमीन देईना. फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली, आणि परिषद तिथं झाली. हे आपल्या कोकणातलं आहे, आपल्या महामार्गावरचं आहे. आपल्या मुलांना ते माहीत असलं पाहिजे. आपल्याला कुणी घर नाकारतं तेव्हा तर हे आणखी आठवावं, कारण दार उघडणारे आणि दार लावणारे दोघंही इथंच होते.

पुढे संविधान सभेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद, देशाचं कायदामंत्रिपद, हा सगळा इतिहास आहे. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. नोकरी करून शिकणाऱ्या गरीब मुलांना येता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग ठेवले. 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं. दादरला स्वतःचं घर बांधलं तेव्हा त्यातली मोठी जागा पुस्तकांना दिली. ज्याला लहानपणी वाचायला कोपरा नव्हता त्याने असं घर बांधावं यात नवल नाही. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

आपल्या घरापुरतं

एवढं लिहिल्यावर आम्हाला वाचकांशी दोन शब्द सरळ बोलायचे आहेत.

साडेसदतीस टक्के मिळालेला प्रत्येक मुलगा आंबेडकर होत नाही. तसं सांगून आम्ही कुणाला खोटी आशा दाखवणार नाही. मेहनत टाळणाऱ्यासाठी ही हकीकत निमित्तही नाही, कारण रात्री दोनला उठणारा हा मुलगा होता. पण दहावीचा आकडा पाहून त्याच आठवड्यात मुलाचा निकाल लावायचा हक्क आपल्याला कुणी दिला? रामजींनी 282 पाहून मुलाला गिरणीत घातलं असतं तर लोकांनी त्यांना शहाणंच म्हटलं असतं. पेन्शन पन्नास रुपये, घरात सून आलेली, डोक्यावर उसनवारी. सगळी कारणं त्यांच्याकडे होती.

त्या मुलाच्या मागे किती माणसं उभी होती ते मोजा. झोप देणारा बाप. शाळा सोडणारा भाऊ. दागिना काढणाऱ्या दोन बहिणी. बागेतला एक परका शिक्षक. सत्काराला जमलेली चाळ. यातल्या कुणाकडेच पैसा फार नव्हता. सयाजीराव महाराज आले ते सगळ्यात शेवटी.

पनवेलमध्ये आज आपल्यातले शिक्षक आहेत, इंजिनिअर आहेत, बँकेत आणि रेल्वेत काम करणारे आहेत, निवृत्त होऊन घरी बसलेले बुजुर्ग आहेत. मशिदीच्या वरच्या मजल्यावर, जमातखान्यात, एखाद्याच्या रिकाम्या गाळ्यात संध्याकाळी दोन तास दिवा आणि पंखा चालू ठेवायला फार खर्च येत नाही. वन रूम किचनमधल्या पोरांना बसायला जागा झाली, आणि तिथं रोज एक मोठा माणूस येऊन काय वाचतोस एवढं विचारू लागला, तरी पुष्कळ झालं. नव्वदवाल्यांचा सत्कार जरूर करा. पण चाळीसवाल्यांनाही त्या दिवशी बोलवा, आणि रिकाम्या हाती पाठवू नका. एक पुस्तक द्या.

परीक्षेला बसणाऱ्या सगळ्या मुलामुलींसाठी आमची दुआ आहे. निकालाच्या दिवशी अम्मी-अब्बांनी आधी मुलाला जेवायला वाढावं, मग आकडा विचारावा.